काका आज कुठल्या देशात?

आमच्या शेजारचे सोनवणे काका बजाजनगर सोडून सहसा कुठं जात नाहीत. फार तर औरंगपुऱ्यात बँकेत, तेही पाय ओढत. त्यांचा मोबाइल मात्र सोमवारी नॉर्वेत असतो, मंगळवारी ब्राझीलमध्ये. सकाळी मी कचरा टाकायला निघाले की काका गॅलरीतून सांगायचे, "ताई, आज आपला मुक्काम फिनलंडला." मी म्हणायचे, येताना कोथिंबीर आणा.

ही सगळी व्हीपीएनची करणी. व्हीपीएन म्हणजे मोबाइलमधलं एक ॲप. आपण कुठून इंटरनेट वापरतोय हे ते लपवतं आणि भलत्याच देशाचा पत्ता पुढं करतं. काका त्याला 'गेट' म्हणतात. जन्मभर त्यांनी वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर येणाऱ्याजाणाऱ्यांचे डबे उघडून पाहिले. त्यामुळं जगातला प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या डब्यात डोकवायला टपलाय, अशी त्यांची पक्की खात्री. घरी आले की चहाच्या आधी विचारणार, "गेट लावलं का?" दाराचं नव्हे, माझ्या मोबाइलचं. आता माझ्या मोबाइलमध्ये असतंय काय? साड्यांचे फोटो आणि जावेचे मेसेज. चोरानं नेलेच तर त्याचंच डोकं दुखेल.

पण या गेटची दुखणी यायची माझ्या दारात. मी पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसते, म्हणजे मला सगळं येतं, असा काकांचा समज. गॅस नोंदवायचा तर पान उघडेना. तुमच्या देशात ही सोय नाही म्हणे. कीर्तन लावलं तर बुवा तोंड उघडून अडकलेले आणि वर गोल चक्र फिरतंय. भर उन्हाळ्यात आमचे पंखे गरम हवा फेकत असताना मोबाइल सांगतोय, बर्फ पडणार आहे, जपून चाला. बॅटरी दुपारीच मान टाकायची. आणि जाल तिथं आधी परीक्षा: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, सिग्नलचे फोटो निवडा. काका वैतागायचे. "माणूस हाय का म्हणून इचारतेत. कामून बरं? आवाजावरून कळंना का?" पण गेट बंद करा म्हटलं की ऐकूच यायचं नाही.

बरं, एकच देश धरून बसावं तर तेही नाही. रोज नवा. डोकं फोडून सांगितलं, एकच ठेवा, निम्मी कटकट मिटेल. "वॉचमनला रोज जागा बदलावी लागती," म्हणायचे.

शेवटी बँकेनं हात टेकले. सकाळी पोलंड आणि दुपारी पेरू असं दिसल्यावर कुठल्या बँकेला घाम फुटणार नाही? खातं बंद. मी रजा टाकून काकांना स्कूटीवर औरंगपुऱ्यात नेलं. बँकेतल्या मॅडमनी दोघांनाही झापलं. मला कशापायी, ते अजून कळलेलं नाही. त्यांनी खातं सुरू केलं आणि आमच्या देखत ते ॲप काढून टाकलं.

मला वाटलं, सुटलो बुवा. गॅस आला. कीर्तनकारांचं तोंड मिटलं. पण काका गॅलरीत येईनात. मोबाइल हातात धरून आत खुर्चीवर बसलेले दिसायचे. न राहवून एका दुपारी मी गरम पिठलं घेऊन गेले, तर सकाळची भाकरी तशीच झाकलेली. काय झालं म्हणून खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलले.

"पोरीचा फोन येईना गेलाय."

प्राजक्ता ही त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला. काकू वारल्या तेव्हा राहायला आली होती. जाताना बापाला मेलचं खातं तिनंच उघडून दिलं आणि काळजीपोटी त्यात आपला नंबर घातला. नव्या देशातून कुणी खातं उघडलं की सूचना तिला जायची. मग ती हातातलं काम टाकून फोन करायची: पप्पा, ब्राझीलमधून कुणी उघडलं, तुम्हीच ना? व्हय, मीच हाय, काका म्हणायचे. मग ती विचारायची, जेवलात का?

"तिला लई काम असतंय," काका म्हणाले. "उगीच कसा फोन लावावा? चोराचं निमित्त असलं की बरं पडतं."

जन्मभर चोर अडवलेला हा माणूस रोज स्वतःच्याच घरात चोर शिरल्याची वर्दी देत होता. अहो, लेकच आहे, लावा की फोन, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण बोट हललं नाही. मग मीच मोबाइल घेतला. ते ॲप परत टाकलं, बँकेच्या कामाला बंद ठेवायची शपथ घातली आणि विचारलं, कुठला देश लावू, ऑस्ट्रेलिया?

काका यादीवर वाकले.

"नको. जवळचा बघा. नेपाळ-बिपाळ. पेरूच्या टायमाला लई घाबरली व्हती ती."

नेपाळ लावलं, मेल उघडून दिला. मग ताट पुढं सरकवलं आणि म्हटलं, पिठलं निवतंय काका, जेवून घ्या.

काकांनी मोबाइल मांडीवर ठेवला, सदऱ्याची बटणं लावली आणि ताट हळूच बाजूला केलं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आता इचारंल ती."