दुमडत्या दस्त्याचा फटका

नोरीनचं मागणं फार मोठं नव्हतं. होडीत बसायला आपल्याला एक अख्खी फळी मिळावी, एवढंच. पण तिच्या फळीवर नवऱ्याची, म्हणजे हॅल्वरची बंदूक आडवी पहुडलेली असायची आणि नोरीन उरलेल्या कोपऱ्यावर अंग चोरून बसायची. बंदूक घरी ठेव म्हणायची सोय नव्हती. अलास्काच्या त्या किनाऱ्यावर बायका बोरं तोडायला गेल्या की झुडपाच्या पलीकडच्या बाजूनं अस्वलही तीच बोरं तोडत असायचं. होडीच्या टोकाला झाकणाची एक लांबट पेटी होती, पण बंदूक तीत मावत नव्हती. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता वीतभर बाहेर राहायचा.

एका संध्याकाळी हॅल्वर खेकड्यांचे पिंजरे उचलायला एकटाच गेला होता आणि नोरीन स्वयंपाकघरातल्या वायरलेसवरून त्याला हाक मारत होती. ओटर हेवन गावात प्रत्येक होडीत आणि प्रत्येक ओट्यावर असा एक वायरलेस दिवसभर चालू असे. त्यावर एक बोले आणि सगळा गाव ऐके. नोरीनला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण कंबर ठणकत असली की माणसाला भान राहत नाही.

"हॅल्वर, तुझ्या त्या बंदुकीनं माझी कंबर काळीनिळी झालीय. उद्या ती माझ्या जागेवर दिसली ना, तर तिच्याच दस्त्यानं तुझं थोबाड रंगवीन."

"बरं बाई," हॅल्वर म्हणाला. "चहा टाक, आलोच."

हॅल्वर वाईट नवरा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो क्लाइडच्या दुकानात गेला आणि दुमडता दस्ता दाखव म्हणाला.

क्लाइडनं काउंटरवर तीन नग मांडले. क्लाइडच्या शेगडीभोवती फुकटची कॉफी पीत बसणारी मंडळी कप घेऊन जवळ सरकली, कारण दुसऱ्यानं काय घ्यावं हे सांगण्याइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

"हा घे," क्लाइड म्हणाला. "बाजूला दुमडतो. मागं रबराची गादी आहे, गालाखाली ऐसपैस जागा आहे. खिटी दाबायची, बिजागरीवर फिरवायचा, झालं."

हॅल्वरनं खिशातून एक दोरी काढली. होडीतल्या पेटीचं माप तिच्यावर गाठी मारून आणलं होतं. त्यानं दस्ता दुमडून दोरी लावली. "लांबीला बसतोय. पण रुंदीला फुगला. झाकण लागायचं नाही."

"पेटी तास थोडी," कुणीतरी म्हणालं.

"पेटी तासली तर होडीत पाणी येईल. हा दुसरा?"

"खाली दुमडणारा. पण नवं काडतूस आत घ्यायला मागंपुढं ओढायची मूठ नळीच्या खालीच असते, तिच्या वाटेत येतो. अस्वल थांबणार असेल तर घे."

तिसरा नग नुसता पोलादी पट्टीचा होता. वरच्या बाजूनं उलटा फिरून नळीवर सपाट निजत होता, आणि त्याच्या टोकाला खांद्याला टेकवायचा वाकडा आकडा होता. हॅल्वरनं दोरी लावली. गाठीला गाठ जुळली. त्याचा चेहरा उजळला.

"तो नको," क्लाइड म्हणाला. "त्याला गादी नाही, गाल टेकवायला लाकूड नाही. जरा ढिला धरला की सरळ गालावर सही करतो. मी गिऱ्हाइकाला विकतो, मित्राला नाही विकत."

"क्लाइड, तुझ्या पोराला बंदूक धरायला कुणी शिकवलं?"

"तू."

"आणि तुला?"

"तूच. म्हणून तर सांगतोय, लेका. हे शहाणपण तुझ्याकडूनच आलंय."

हे खरं होतं. हॅल्वरच्या वर्गाला बसल्याशिवाय ओटर हेवनमध्ये कुणी आपल्या मुलाच्या हातात बंदूक देत नसे. शिकवण्याखेरीज हॅल्वरला आता दुसरं कामही उरलं नव्हतं. मासेमारीची मोठी बोट त्यानं विकली होती. पण यंदा बंदूक क्लबात कुजबुज चालू होती. मत्स्य खात्यातला तरणाबांड कोल्बी भिंतीवर चित्रफिती दाखवून शिकवायचा, आणि म्हाताऱ्याला आता विश्रांती द्यावी असं काहींचं मत पडलं होतं. शनिवारी मुलांची प्रत्यक्ष नेमबाजी व्हायची होती, आणि त्यानंतर पुढच्या वर्षीचा शिक्षक ठरणार होता. अशा दिवसांत क्लाइडसारख्या चेल्यानं आपल्याला शिकवावं, हे हॅल्वरला झोंबलं. त्यानं तिसरा नग घेतला.

दस्ता बसवून तो दुपारी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेला. मुलांना तो आधी पाय रोवायला लावायचा, मग दस्ता खांद्यात घट्ट ओढायला, मग मान स्थिर ठेवायला, आणि यातलं एक जरी चुकलं तरी बंदूक काढून घ्यायचा. स्वतः त्यानं यातलं काहीच केलं नाही. कुणी बघत नव्हतं, थंडी वाजत होती, आणि नुसता बार कसा होतो तेवढंच बघायचं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बार झाला, आणि पोलादी आकड्यानं उजव्या डोळ्याखाली अशी काही सलामी दिली की हॅल्वर बराच वेळ खडीवर बसून राहिला.

घरी पोचेपर्यंत डोळा वांग्यासारखा झाला होता.

"हे काय झालं?" नोरीननं विचारलं.

"धक्क्यावर घसरलो. शेवाळ आहे फार."

टपाल कचेरीत डॅग्नी खिडकीतून वाकून बघायला लागली तेव्हा तो म्हणाला, "कपाटाचं दार उघडं राहिलं होतं." पेट्रोलच्या धक्क्यावर त्यानं जाळं ओढायच्या रहाटाचं हँडल उलटं फिरल्याचं सांगितलं. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. सराईत माणूस एकच थाप मारतो आणि तिला धरून राहतो. हॅल्वरनं तीन माणसांना तीन थापा दिल्या आणि निर्धास्त झाला.

दुसऱ्या दिवशी डॅग्नीनं पेट्रोलवाल्याजवळ कपाटाचा विषय काढला. पेट्रोलवाला म्हणाला, कसलं कपाट, रहाट. तेवढ्यात क्लाइडची बायको आली आणि म्हणाली, नोरीन तर घसरला म्हणून सांगतेय.  मग डॅग्नीला वायरलेस आठवला.

"थोबाड रंगवीन म्हणाली होती. मी स्वतः ऐकलं. बटाटे सोलत होते मी."

"दस्त्यानं, म्हणाली होती," पेट्रोलवाला हळूच म्हणाला.

त्या दिवसापासून हॅल्वरचं नशीब फळफळलं. दारात कुणीतरी माशाचं सारण भरून भाजलेला गरमागरम 'पाय' ठेवून गेलं. शेजारच्यानं धूर दिलेला सामन मासा आणून दिला आणि उगाच खांद्यावर हात ठेवला. दोघांनी तर आपल्या बोटीवर निजायची जागा रिकामी आहे, कधीही ये, असं सांगितलं. हॅल्वरला वाटलं, वर्ग आपल्याकडेच ठेवायचं लोकांनी मनावर घेतलेलं दिसतंय.

नोरीनचा अनुभव वेगळा होता. ती दुकानात शिरली की बोलणं थांबायचं. चर्चच्या मेजवानीसाठी बायका मिळून सफरचंदाचे 'पाय' करत होत्या, तिथं तिनं पीठ लाटायला घेतलं तर डॅग्नीनं अलगद तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं.

"राहू दे गं. मी लाटते."

"अगं, दर वर्षी मीच लाटते."

"तू सफरचंदं चीर." मग डॅग्नीनं सुरीकडे बघितलं आणि म्हणाली, "नाहीतर असं कर, तू नुसती बस."

नोरीन नुसती बसली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना, आणि विचारायलाही जीव धजेना. जन्म गेला होता तिचा या बायकांत.

उलगडा पास्टर लिंडाल यांनी केला. ते रविवारी चर्च सांभाळत आणि शनिवारी बंदूक क्लबचं अध्यक्षपद. हॅल्वर बाहेर लाकडं फोडत होता तेव्हा ते स्वयंपाकघरात येऊन बसले, कॉफी ढवळत राहिले आणि शेवटी म्हणाले, "नोरीन, राग कुणाला येत नाही? पण हात उचलण्याआधी माणसानं एक मोठा श्वास घ्यावा."

"कुणी हात उचललाय?"

पास्टरांनी खिडकीतून हॅल्वरच्या डोळ्याकडे बघितलं. नोरीननंही बघितलं. मग तिनं पास्टरांच्या पुढ्यातला कप उचलून मोरीत ठेवला आणि त्यांना दार उघडून दिलं.

हॅल्वर आत आला तेव्हा बंदूक टेबलावर होती. नोरीननं ती रिकामी असल्याची खात्री करून दस्ता उलगडला आणि त्याचा आकडा नवऱ्याच्या गालाला लावला. निळ्या वळावर तो तंतोतंत बसला.

"घसरलास म्हणे."

"नोरीन, मी सांगणारच होतो."

"मला सांगून काय उपयोग? गावाला सांग. माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं त्यांनी. मी वेडीबिडी असल्यासारखं."  "शनिवारी सगळे येणार आहेत. तिथं सांगून टाक."

हॅल्वर खुर्चीत बसला. "शनिवारीच ठरणार आहे गं. बंदूक शिकवणाऱ्याला त्याच्याच बंदुकीनं हाणलं म्हटल्यावर वर्ग कोल्बीला देतील. मग मी सकाळी उठून करू काय?"

नोरीननं टेबलावरची बंदूक उचलून कोपऱ्यात उभी केली. त्याचा वर्ग म्हणजे त्याला काय आहे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? "बरं," ती म्हणाली. "नको सांगूस. मी मारलं, तर मी मारलं." आणि ती भांडी घासायला वळली. भांडली असती तर हॅल्वरला सोपं गेलं असतं. 

शनिवारी खाणीत मुलं होती, आईबाप होते, पास्टर होते, टाय लावून आलेला कोल्बी होता. नोरीन कोकोचा थर्मास घेऊन एका टोकाला उभी होती आणि तिच्याभोवती चांगली अंगणभर जागा मोकळी पडली होती. हॅल्वर पुढं झाला आणि टोपी काढली.

"मुलांच्या आधी मला एक सांगायचंय. हा डोळा माझ्याच बंदुकीनं असा केलाय. मी हलगर्जीपणानं धरली. नोरीननं मला बोटही लावलेलं नाही. कपाट, रहाट, शेवाळ सगळं खोटं."

 मग पास्टरांनी डोळे पुसले. "हॅल्वर, तुझं मन फार मोठं आहे."

"मन कसलं? खरं सांगतोय."

"सर," कोल्बी पुढं येऊन म्हणाला, "तुमच्या हातून असं होणं शक्यच नाही. मी तुमच्याच वर्गात शिकलोय."

"मी त्याला सांगितलं होतं," क्लाइड ओरडला. "तो दस्ता घेऊ नको म्हणून."

"तू गप्प बस," त्याची बायको म्हणाली. "पुरुष एकमेकांना सांभाळूनच घेतात."

म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. हॅल्वरच्या आजवरच्या सगळ्या पुण्याईनं त्याचीच साक्ष खोटी पाडली. तो हट्टाला पेटला. "ठीक आहे. डोळ्यांनी बघा." त्यानं सगळ्यांना मागं घेतलं, कानांवर झाकणं चढवली, बंदूक भरली. आज तोच गाल पुन्हा फुटला तरी बेहत्तर, असं त्यानं ठरवलं होतं. पण समोर मुलं बघत होती. पाय आपोआप रोवले गेले, दस्ता आपोआप खांद्यात घट्ट बसला, मान आपोआप ताठ झाली. बार झाला. आकडा जागचा हलला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हॅल्वरनं पुन्हा भरली, पुन्हा उडवली. मुलांसमोर चुकीची धरायची म्हटलं तरी त्याचं अंग ऐकेना. डॅग्नी बायकांना म्हणाली, "किती करतो बघा बिचारा तिच्यासाठी."

तेव्हा नोरीननं थर्मास खाली ठेवला. ती सरळ हॅल्वरपाशी आली, त्याच्या कानांवरची झाकणं काढून स्वतःच्या कानांवर चढवली आणि बंदूक हातात घेऊन भरली.

"नोरीन, नको," हॅल्वर म्हणाला.

"बाजूला हो."

बार झाला आणि नोरीन दोन पावलं मागं गेली. वळली तेव्हा तिच्या उजव्या गालावर तसाच वाकडा वळ होता, नवराबायकोनं जोडीनं करून घेतल्यासारखा. तिनं बंदूक रिकामी करून हॅल्वरच्या हातात दिली आणि पास्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"आता सांगा. मला कुणी मारलं?"

 डॅग्नी रडायला लागली आणि नोरीनच्या गळ्यात पडायला धावली, पण गाल दुखत असल्यामुळं नोरीननं तिला लांबच ठेवलं. कोल्बीनं टाय सैल केला आणि पास्टरांच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. पास्टर घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या वर्षी वर्ग हॅल्वरच घेईल. आणि हा दस्ता पहिल्या दिवशी मुलांना दाखवावा. चित्रफितीत हे असं येत नाही, असं कोल्बीचं म्हणणं आहे."

घरी दोघं टेबलाशी बसले. गोठलेल्या वाटाण्यांची एकच पिशवी होती, ती आळीपाळीनं गालाला लावत होते.

"फार लागलं का गं?" हॅल्वरनं विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"लागलंच पाहिजे होतं. पाय जोडून उभी राहिले, दस्ता खांद्यापासून सुटा ठेवला आणि मान पुढं काढली. इतकी वर्षं तुझ्या वर्गाला कोको कोण पाजतंय? काय काय करायचं नाही, ते मला पाठ आहे."

हॅल्वरनं हे ऐकलं आणि त्याला बायकोचा फार अभिमान वाटला. इतक्या मुलांना शिकवलं, पण इतकं मन लावून ऐकणारं कुणी निघालं नव्हतं. मग त्याच्या मनात एक शंका आली.

"मग त्या पहिल्या दिवशी खाणीत मलाच नीट धरायला कसं जमलं नाही?"

"तू कधी बसलायस त्या वर्गाला?" नोरीन म्हणाली, आणि वाटाण्यांची पिशवी उलटी करून त्याच्या हातात दिली.