बसच्या मागची गाडी

दर बुधवारी सकाळी देवरीहून चिचगडकडे जी बस निघते, तिच्या मागे एक पांढरी गाडी निघते. बस थांबली की गाडी थांबते, बस निघाली की निघते. मध्ये मोकळा रस्ता मिळो, बसवाला हात दाखवून 'जा पुढं' म्हणो, गाडी पुढं जात नाही. बसच्या एका कंडक्टरला बरेच दिवस वाटत होतं की हे तिकीट तपासणारे साहेब आहेत. तो बिचारा बुधवारी टोपी सरळ करून यायचा.

साहेब वगैरे कोणी नाही, ते आमचे शेजारी कटरेभाऊ. जन्म विजेच्या खांबांवर गेला. लाइनमन होते. आधी सायकल, मग लुना, अन् रिटायर झाल्यावर एकदम ही गाडी. आता तुम्ही तिला नुसतं गाडी म्हटलं तर त्यांना चालत नाही. "कंपॅक्ट एसयूव्ही म्हना, बाई. गाडी तं बैलाचीबी राहते."

गाडी आली तेव्हा सारा मोहल्ला पाहायला गेला. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग झालं. सीटवरचं प्लास्टिक मात्र तसंच. ते काढायचं नसतंच आमच्याकडे. ज्याच्या घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा अजून पिशवीत गुंडाळलेला आहे, तो माणूस गाडीच्या सीटचं प्लास्टिक कसं काढेल?

तेव्हापासून कुठंही कोणी गाडी घ्यायचं म्हटलं की कटरेभाऊ तिथं हजर. चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, मयतीला सुद्धा. "शोरूमवाला सांगते ते जाहिरात. ओनर सांगते तो अनुभव." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग अनुभव सुरू होतो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कशी घुरघुरते, खड्ड्यात पोट कसं टेकत नाही, एसीची हवा पायाकडं वळवली तर गुडघे कसे धरतात. ऐकणारा मयतीला आला आहे हे त्यांच्या ध्यानात राहत नाही.

त्यांच्यासारखीच गाडी असलेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यातही ते आहेत. कुठले कुठले लोक त्यात. बाकीचे विचारतात, मायलेज किती पडतं, टायर कोणते घ्यावे. आमचे भाऊ विचारतात, "तुमच्या घरच्या बाईले या गाडीत मळमळते का? पुढं बसल्यावर जास्त होते का मागं?" लोक हसण्याची चित्रं पाठवतात. एकानं लिहिलं, "दादा, आमच्याकडे गाडी बायकोच चालवते, मळमळ मला होते." कटरेभाऊंनी ते मला दाखवलं, पण हसले नाहीत. म्हणाले, "हेबी एक करून पाहाले पाहिजे. पन तिले हँडल धरता नाही येत."

ती म्हणजे भामाबाई, त्यांची बायको. अन् बुधवारच्या त्या बसमध्ये बसलेली असते तीही भामाबाईच.

झालं होतं ते असं. गाडी नवी असताना हे दोघं नवेगावच्या बाजूला एका लग्नाला निघाले. भामाबाईला बंद गाडीची सवय नाही. त्यात प्लास्टिकचा वास, वरून चमेलीच्या अत्तराची बाटली टांगलेली, काचा बंद. अर्ध्या रस्त्यात तिला उलटी झाली. पुढचं तिनंच मला सांगितलं, तांदूळ निवडता निवडता.

"मी ओकून राहिली, बाई, डोळ्याले अंधारी आली. अन् हा मानूस काय म्हनते? सीटवर नको, दाराकडं तोंड कर."

"घाबरला असन तो," मी म्हटलं.

"घाबरला ना. सीटसाठी घाबरला. आधी फडकं घेऊन सीट पुसली, मंग मले पानी देल्लं."

एवढं बोलून तिनं सुपातला एक खडा वेचला अन् अंगणात दूर फेकला. त्या दिवसापासून ती त्या गाडीत बसली नाही. भांडण नाही, अबोला नाही. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर. फक्त गाडीचं दार उघडलं की ती पिशवी उचलून बस स्टँडकडे चालायला लागते. चिचगडच्या अलीकडं तिचं माहेर आहे. आई फार थकलेली, खाटेवरच असते. दर बुधवारी ही जाते, तिला न्हाऊ घालते, डोक्याला तेल लावते अन् संध्याकाळच्या बसनं परत येते.

कटरेभाऊंना एकच पाहिजे होतं. तिनं गाडीत बसावं. पण चुकलं, असं म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. लाइनमनचा स्वभाव, बिघाड दिसला की तो दुरुस्त करायचा. म्हणून त्यांनी गाडी दुरुस्त करायला घेतली. अत्तराची बाटली गेली. तिच्या जागी संत्र्याच्या साली आल्या, मग त्याही गेल्या. अन् एक दिवस प्लास्टिक निघालं. अख्ख्या मोहल्ल्यात कोणी केलं नाही ते त्यांनी केलं, तेव्हा मला समजलं की मामला साधा नाही.

मग पाहणी सुरू झाली. "चला बाई, बाजारात सोडून देतो." लोकांना वाटायचं, माणूस मिरवून राहिला. मी बसले तेव्हा पाहते तर भाऊ रस्ता कमी अन् माझं तोंड जास्त पाहून राहिले.

"पोटात काही होते का, बाई?"

"नाही."

"थोडंबी नाही? वळनावर?"

"तू समोर पाह्यशीन तं होनार नाही."

असे त्यांनी मोहल्ल्यातले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या फिरवून आणले. कोणालाच काही झालं नाही. सगळ्यांचा निकाल ते घरी जाऊन भामाबाईला ऐकवायचे. ती म्हणायची, "बेस झालं. त्यायलेच फिरवा."

अन् बुधवार आला की बसच्या मागे. विचारलं तर कारण तयार. "आठवड्यातून एकदा लांब नाही नेली तं बॅटरी बसते."

"बुधवारीच बसते का गा?"

"बुधवार बेस राहते," म्हणाले, अन् काच पुसायला लागले.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी मला चिचगडला भाचीकडे जायचं होतं. बुधवार होता. कटरेभाऊ म्हणाले, "चला, रिकामीच जाऊन राहिली." बसले. समोर बस, मागे आम्ही. बसचा धूर, बसची धूळ, सगळं आमच्या काचेवर.

"पुढं काढ ना गा," मी म्हटलं.

"कायले? तुमाले घाई आहे का?"

मग मला दिसलं ते काय पाहत होते. बसच्या एका खिडकीतून एक कोपर बाहेर आलेलं होतं, हिरव्या बांगड्यांचं. कोपर दिसत होतं तोवर भाऊ आरामात होते. ते आत गेलं की हे पुढं झुकायचे.

"झोपली वाटते," म्हणाले. "मान लचकते तिची बसमध्ये. मंग दोन दिवस सांगत नाही."

दोन्ही बाजूंनी मोहाचं जंगल लागलं. झाडांखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. भाऊंनी गाडी थोडी हळू केली. मग म्हणाले, "बाई, खरं सांगा. वास नाही राहिला, प्लास्टिक नाही राहिलं. कोनाले काही होत नाही. मंग ती काऊन नाही बसत?"

"तुले माहीत आहे, भाऊ."

"सीट तं मी तवाच धुतली."

"सीटचं नाही बोलून राहिली मी."

तेवढ्यात पुढची बस एका बाजूला कलली अन् थांबली. टायर बसला होता. माणसं खाली उतरली, कोणी बिडी पेटवली, कोणी ड्रायव्हरला अक्कल शिकवायला लागलं. भामाबाई उतरली, पिशवी घेतली अन् सरळ चालायला लागली. तिच्या गावाचा फाटा तिथून फार लांब नव्हता.

भाऊंनी गाडी तिच्या बाजूनं हळूहळू घेतली. काच खाली केली.

"बस ना."

"चालता येते मले."

"ऊन आहे."

"पदर आहे डोक्यावर."

मी मान बाहेर काढली. "भामा, बस व. मी आहे ना संग."

"तुमी बसा, बाई. तुमाले पचते ते."

गाडी तिच्या बाजूनं रांगत राहिली, ती चालत राहिली. कटरेभाऊ सांगत होते की एसी बंद करतो, चारही काचा उघडतो, पुढची सीट मागं सरकते, पाय लांब होतात. ती ऐकत होती का नाही, कोणास ठाऊक. शेवटी त्यांच्याजवळचे गाडीचे गुण संपले.

त्यांनी गाडी कडेला उभी केली. मला वाटलं, आता परत फिरतील. ते उतरले. दार उघडंच, चावी लागलेली, मी आत बसलेली. "थांब," त्यांनी हाक मारली. ती थांबली नाही, पण पाऊल थोडं हळू झालं. त्यांनी जाऊन पिशवीला हात घातला. तिनं सोडली नाही. मग एक बंद तिच्या हातात, एक त्यांच्या, असे ते चालायला लागले. ते तिला काहीतरी सांगत होते, मान खाली घालून. मला ऐकू आलं नाही. ती काय म्हणाली ते मात्र ऐकू आलं.

"अन् चप्पल?"

मी खाली पाहिलं. त्यांच्या चपला माझ्या पायाजवळ, पेपरात गुंडाळलेल्या. पायपुसणं मळू नये म्हणून हा माणूस अनवाणी गाडी चालवतो. त्या तापलेल्या रस्त्यावरून तो तसाच गेला. वळणापर्यंत दोघं दिसले, मग नाही दिसले.

मी बसून राहिले. दार उघडं म्हणून गाडी टुंग टुंग करत होती, ते बंद कसं करतात मला माहीत नाही. मोह वेचणारी एक बाई टोपली डोक्यावर घेऊन जवळ आली.

"बिगडली का व गाडी?"

"नाही," मी म्हटलं. "गाडी चांगली आहे."

बऱ्याच वेळानं भामाबाईचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला. उतरून गाडीला एक चक्कर मारली, आत डोकावला.

"भाऊजीनं चप्पल मागतली," म्हणाला. "अन् तुमाले जेवाले बोलावलं."

"ते दोघं काय करून राहिले?"

"आमची बाई आईले न्हाऊ घालून राहिली. भाऊजी चुलीजवळ बसून आहेत, तेल गरम करून राहिले."

"अन् या गाडीचं काय सांगितलं?"

तो थोडा वेळ आठवत राहिला.

"गाडीचं तं काही नाही बोलले."