सुपडू दाजींचे रियाल

एटीएममधून पैसे काढले की माणसं ते मोजतात आणि खिशात घालतात. आमचे सुपडू दाजी आधी एकेक नोट त्या मशीनच्या कॅमेऱ्यासमोर धरतात. उलटी धरतात, सुलटी धरतात, नंबर दिसेल अशी धरतात. उद्या नोट खोटी निघाली, तर ती मशीननेच दिली होती याचा पुरावा नको? मागे माणसं ताटकळत असतात. कोणीतरी म्हणतं, "नाना, आटपा ना." दाजी वळूनसुद्धा बघत नाहीत. "घाई कसाले? तुन्ही बस चुकी ऱ्हायनी का?" बस खरंच चुकत असते आणि बऱ्याचदा ती माझीच असते.

मी शहादा आगारात वाहक आहे. साध्या भाषेत कंडक्टर. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, नवरे. प्रकाशा गावाजवळ तापीच्या काठी त्यांची केळी आणि थोडा कापूस. आक्का जाऊन सहा वर्षं झाली, पण दाजींची आणि माझी भांडणं काही थांबली नाहीत. मेहुणी आहे, माझा हक्कच आहे तो.

ते माझ्या गाडीत बसले तरी तिकीट पूर्ण वाचतात. तारीख, वेळ, कुठून कुठे, सगळं. मी एकदा भडकले, "अहो दाजी, मी तुमची सख्खी मेहुणी!" तर म्हणाले, "मेहुनी शे म्हनीसन तं देखी ऱ्हायनू." काय बोलणार कपाळ!

केळी तोलायला व्यापारी काटा घेऊन आला की दाजी आधी स्वतः त्या काट्यावर उभे राहतात. सकाळी पिठाच्या गिरणीत स्वतःचं वजन करून आलेले असतात. दोन्ही जुळलं तर घड चढवायचे, नाही तर व्यापारी गेला उडत. आणि जुळलं तरी मान हलवून म्हणायचं, "यामा काहीतरी शे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लाईट गेली, यामा काहीतरी शे. लाईट आली, तरी यामा काहीतरी शे!

तर अशा माणसाची एकुलती एक पोर, आमची जयू, लग्न होऊन मस्कतला गेली. जावई प्रशांत तिथे एसीच्या कंपनीत आहे. दर रविवारी जयूचा व्हिडिओ कॉल यायचा. ती हसून बोलायची, सगळं छान आहे म्हणायची, आणि फोन ठेवला की दाजी माझ्याकडे बघायचे.

"पोर नुस्ती हासस वं मंगल."

"मग रडायला पाहिजे का?"

"लहानपने कधी इतली हासे का ती? फोनमा मांगे भित दिखस नुस्ती. घर दिखत नही. यामा काहीतरी शे."

असं दोन वर्षं चाललं. मी समजावलं, प्रशांतने समजावलं, जयूने फोन घेऊन घरभर फिरवून दाखवलं. दाजी म्हणाले, फोन जिकडे फिरवतात तेवढंच दिसतं. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "मी जासू. मन्हा डोयाघाई देखसू, पोर सुखमा शे का नही." ज्या माणसाने सुरतपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, त्याने पासपोर्ट काढला. सोबतीला मी. रजा टाकली आणि निघाले, कारण या माणसाला एकट्याला विमानात बसवलं असतं तर त्याने पायलटचं लायसन्स मागितलं असतं.

पहिलं रणकंदन पैशावरून झालं. प्रशांतने फोनवर सांगितलं होतं, कार्ड करून घ्या, सोपं पडतं. दाजी म्हणाले, "कार्डमा पैसा दिखस का?" दिसत नाही म्हटल्यावर विषय संपला. नोटाच हव्यात. मग आम्ही सुरतेला पैसे बदलायच्या दुकानात गेलो. केळीच्या एका गाडीचे पैसे दाजींनी काउंटरवर ठेवले. पलीकडच्या बाईने कागदपत्रं बघितली, गड्डी मशीनमध्ये घातली आणि बदल्यात इतक्या थोड्या नोटा दिल्या की दाजी काचेच्या खालून तिच्या हाताकडे बघत राहिले. अजून येतील म्हणून.

"इतल्याच?"

बाईने समजावलं, एक रियाल म्हणजे दोनशेच्या वर रुपये. दाजींनी नोट उजेडात धरली. "हाऊ कोन?"

"तिकडचे राजे."

"राजा बदलना तं? नोट चाली का?"

बाई हसली. दाजी हसले नाहीत. नोटबंदीत ते चार दिवस रांगेत उभे होते, त्यांना हा प्रश्न हसण्यासारखा वाटत नव्हता. मग त्यांनी नोट नाकाशी नेली, वास घेतला आणि एकदम पडल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. "आपली नोट वासवरतीन समजस वं. हिना वास माले म्हाईतच नही." तेवढ्यापुरती मला त्यांची दया आली.

नोटांसाठी त्यांनी बनियनला आतून कप्पा शिवून घेतला होता. काही पिशवीत, पिठाच्या डब्याखाली. हो, पीठ. पंधरा दिवसांचं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, तूरडाळ, मिरच्या, शेंगदाणे. त्यांच्या गावात बाप लेकीच्या घरचं खात नाही. जुनी माणसं तर पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि निघताना तिच्या हातावर काहीतरी ठेवूनच उठतात. मी म्हटलं, आता कोण पाळतं हे? ते म्हणाले, "मी."

मुंबईच्या विमानतळावर ती पिशवी तपासणीच्या मशीनमध्ये घालायला सांगितली. दाजींनी पट्टा घट्ट धरून ठेवला. आत गेलेली पिशवी पलीकडून तीच निघेल कशावरून? शेवटी मी बोटं सोडवली, तर ते मशीनच्या तोंडाशी वाकून आत बघायला लागले. शिपायाने मला विचारलं, "यांच्याबरोबर तुम्ही आहात का?" मी नाही म्हणणार होते.

मस्कतला पोचलो. जयूने दार उघडलं, बापाच्या गळ्यात पडली, आत धावली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. दाजी म्हणाले, "थांब," आणि जिना उतरून खाली गेले. दुकानातून पाण्याची बाटली विकत आणायला! जयूचं तोंड एवढंसं झालं. मी तिला म्हटलं, तुझ्या बापाला मी सुधारू शकले नाही, माझी बहीण सुधारू शकली नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस.

पाच मिनिटांनी दाजी धापा टाकत वर आले. मुठीत नोटा.

"मंगल, मी एकनी नोट दिधी. त्यानी माले शंभरन्या नऊ नोटा परत दिध्यात! वरतीन पानीनी बाटली!"

"मग?"

"मंग काय? कोन देस असं? आते तो पोलिस बलाई. यामा काहीतरी शे!"

आणि मी काही सांगायच्या आत ते पुन्हा खाली गेले. मी मागे धावले. दुकानदार केरळचा, मोडकं हिंदी बोलणारा. दाजी त्याच्या गल्ल्यावर नोटा ढकलताहेत, तो परत ढकलतोय. "ये तुम्हारा." "नही, ये तुम्हारा." त्या बिचाऱ्याने मग सांगितलं की एका रियालचे हजार बैसा होतात, शंभराच्या नोटा बैशाच्या आहेत आणि बाटलीचे शंभर कापून नऊशे परत दिलेत. दाजींनी तीन वेळा ऐकून घेतलं. जिना चढताना म्हणाले, "रुपयाना हजार पैसा? ह्या लोके इतला तुकडा कसाले करतस?"

पंधरा दिवस त्यांनी जावयावर पाळत ठेवली. शब्द खोटा नाही माझा. प्रशांत कामावरून आला की हे शेजारी बसून हळूच वास घेत. दारूचा वास नाही. फ्रिज उघडून बघितला, त्यात भाजी, दूध, फळं. जेवणानंतर प्रशांत भांडी घासायला उठला तेव्हा दाजींनी मला कोपराने ढोसलं. "जवाई भांडा घसस! काहीतरी दपाडी ऱ्हायना." मी म्हटलं, दाजी, काहीही लपवत नाहीये, काही माणसं असतात चांगली. हे त्यांना फारच संशयास्पद वाटलं.

पण चांगलाच होता हो तो पोरगा. आणि जयूसुद्धा आनंदातच होती. मीही सगळं बारकाईने बघितलं, तेवीस वर्षं माणसांचे चेहरे बघतेय. दहाव्या दिवशी तर दाजींनीही कबूल केलं, "नही, बरं शे पोरनं." मला हायसं वाटलं.

मग आम्ही चौघे बाजारात गेलो. जयूने केसांची एक पिन उचलली, साधी पिन, आणि प्रशांतकडे वळून विचारलं, "घेऊ का?"

"अगं घे ना, विचारतेस काय!" तो म्हणाला आणि लगेच मोबाईलने पैसे दिले. प्रेमाने दिले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दाजी मात्र घरी येईपर्यंत त्या पिनेकडेच बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच बाहेर पडले आणि दुपारी परतले. कुठे होतात म्हणून विचारलं, तर विमानाची तिकिटं विकणाऱ्या तीन दुकानांतून भाव विचारत फिरून आले होते. एका दुकानाचं ते कसं ऐकतील?

निघायच्या दिवशी दुपारी प्रशांत कामावर होता. जयू माझ्यासाठी दशम्या बांधत होती. दाजींनी बनियनच्या कप्प्यातून सगळे रियाल काढून तिच्यासमोर ओट्यावर ठेवले.

"नाना, हे काय? इतके?"

"मस्कत ते मुंबईनं तिकीट शे. वरतीन गावपावत गाडीभाडं. जवाईले सांगं तरी चाली, नही सांगं तरी चाली."

जयूचा चेहरा उतरला. "नाना, मला इथे खरंच काही त्रास नाही. तुम्ही बघितलंत ना?"

"देखं ना. दुख शे म्हनीसन नही दी ऱ्हायनू. तुले एखादा दिन नुस्तं वाटनं, नानाले देखी येवू, तं येवानं. कोनले इचारानं नही."

तिने नोटा उचलल्या नाहीत, तशाच पदराने झाकल्या आणि दाजींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दाजी ताठ उभे होते. हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

विमानात मी त्यांना म्हटलं, "दाजी, आज मानलं तुम्हाला." ते खिडकीबाहेर बघत होते. तिकडे बघतच बोलले.

"तुन्ही आक्का माले शहादानं भाडं मांगे, तुनाकडे येवाले. आनी मी इचारू, काबर जास? काय काम शे? मंग ती मांगनंच सोडी दिधं."

गावापासून शहाद्यापर्यंतचं भाडं मला तोंडपाठ आहे. त्या गाडीत तिकिटं मीच फाडत होते, रोज तिच्या गावावरून जात होते. आक्का का येत नाही म्हणून मी तिच्यावरच रुसून बसले होते, इतकी वर्षं. दाजींवर ओरडावं असं फार वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते, मग मी नुसता त्यांचा हात धरला.

मागच्या महिन्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, जयू अचानक आली. एकटी. फोन नाही, काही नाही. माझ्याच गाडीत चढली आणि माझी शिट्टी वाजवायची राहून गेली. फाट्यावर उतरली तेव्हा सगळं गाव बघत होतं. घरी पोचेपर्यंत बायका जमल्या. काय झालं? भांडण झालं का? जावई कुठाय? परत कधी जाणार? इतकी अचानक कशी?

दाजी ओसरीवर बसले होते. ते उठले, तिच्या हातातली बॅग घेतली आणि बायकांकडे वळून म्हणाले, "मन्ही पोर शे. तिले वाटनं, उनी."

वाटलं म्हणून आलेली जयू आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत आमच्या सुपडू दाजींनी तिला एकही प्रश्न विचारला नाही.