दोन मोडक्या करवतींचा तह

चिलोए नामें बेटाचे प्रांतीं, पूर्वेकडील खाडीचे कांठीं, जेथें पाऊस हा ऋतु नसोन कायमचा रहिवासी आहे, तेथें राजश्री क्लोदोमिरो ओयार्सो लांकूडतोडे आणि त्यांचे कुटुंब बाईसाहेब ओतिलिया यांजवर जो प्रसंग गुदरला, आणि तो कोणे युक्तीनें व किती काळ्या हातांनीं निवारिला गेला, तें पुढील लोकांस कळावें म्हणोन यथास्थित लिहिलें असे. पदरचें कांहीं घातलें नाहीं. वगळिल्या त्या शिव्या, आणि त्याही सगळ्या नाहींत.

हिवाळा दाराशीं येऊन ठेपला होता आणि लांकडाची कोठी निम्मी रिकामी होती. राजश्री यांत्रिक करवत खांद्यावर टाकोन रानावर चालोन गेले. आतां या करवतीचें इंजिन नाजूक मिजाशीचें, पेट्रोलांत तेल मिसळोन पाजावें तरच चालावें. आणि होडीचे यंत्रास निव्वळ पेट्रोल मानवे. आणि दोहोंचे डबे एकाच रंगाचे, एकाच फळीवर ठेविलेले. राजश्रींनीं पहांटेचे घाईंत होडीचा डबा उचलिला. मग जें व्हावयाचें तें जालें. करवत थोडका वेळ बहुत आवेशानें चालिली, मग किंचाळली, मग इंजिनानें जागच्या जागीं दांतखीळ धरिली. खोलोन पाहतां पिस्टनाचें अंग खरवडोन गेलें होतें आणि त्याची धातु सिलिंडरास चिकटोन राहिली होती. राजश्री रित्या हातें घरीं आले.

"पेट्रोल खराब निघालं," राजश्री म्हणाले.

बाईसाहेबांनीं डबा हुंगिला. "हो का?" म्हणाल्या, आणि पुढें चूक न व्हावी म्हणोन होडीचे डब्यास फडकें बांधोन तो फळीवर ठेविला. तें फडकें राजश्रींस शिव्यांहून जड गेलें.

मग तराफ्यानें पलीकडे शहरीं जाऊन चौकशी केली, तों दुकानदारानें कळविलें कीं या जातीचे करवतीचे भाग येणें कधींच बंद जालें, नवी घ्यावी. नवी घेण्याची ऐपत नव्हती. अवघ्या खाडीवर त्या जातीची दुसरी करवत एकच होती, तिचें बाकी धूड पडत्या लुमा वृक्षाखालीं चिरडलें होतें, परंतु पिस्टन व सिलिंडर शाबूत होते. आणि ती करवत बाईसाहेबांचे सख्खे धाकटे बंधू बेलार्मिनो ग्वेंतेओ यांचे ताब्यांत होती. येथेंच मसलत अडली.

कारण कीं मागें बेलार्मिनो यांचें लांकडी घर, त्या प्रांतींचे चालीप्रमाणें, अखंडच बैल जुंपोन टेकडीवरोन खालीं ओढोन न्यावयाची मोहीम जाली होती, गांव सारा दोरांस लागला होता, आणि ऐन उतारावर राजश्री डावीकडे म्हणाले व बेलार्मिनो उजवीकडे, आणि घर दोहोंचें मन राखोन मध्येंच उभ्या झाडावर आदळलें व ओसरी निखळोन पडली. तेव्हांपासोन साला-मेहुण्यांत बोलणें बंद. बाईसाहेबांस भावाकडे जाण्याची मनाई नव्हती. परंतु गेल्यास घरीं पुढें जी शांतता नांदत असे, तीस भिऊन त्या जात नसत. भाऊ ओहोटीचे वेळीं खाडीचे चिखलांत शिंपले गोळा करितांना दुरोन दिसे, तेवढेंच.

शहरांतोन परतल्याचे दुसरे सकाळीं बाईसाहेबांनीं किसल्या बटाट्याची मिल्काओ भाकरी फडक्यांत बांधिली आणि कोणास न पुसतां, ओहोटी पाहोन, किनाऱ्याकिनाऱ्यानें एकट्या वकिलातीवर निघाल्या. वाटेनें मनांत बोलणीं जुळविलीं, तीं सर्व दार उघडतांच विसरल्या.

बेलार्मिनो भाकरीकडे पाहोन म्हणाला, "ताई, तू माझ्यासाठी आलीस की पिस्टनसाठी?"

"पिस्टनसाठी. तुझ्यासाठी यायला तू कधी बोलावलंस?"

"दाजींना सांग, स्वतः येऊन मागा म्हणावं."

"ते नाही यायचे. तू ये, तुझी मोडकी घेऊन. तुझ्याकडे तरी लाकूड कुठंय? दोन मोडक्यांची एक करायची, माझ्या टेबलावर, आणि दोन्ही घरचं लाकूड तिनंच तोडायचं. नसेल पटत तर दोघंही कोट घालून झोपा."

बेलार्मिनोनें भाकरी खाल्ली. तह कबूल जाला.

मग दोन्ही फौजा बाईसाहेबांचे स्वयंपाकघरीं, तापल्या चुलीशेजारीं समोरासमोर बसल्या, आणि टेबलावर दोन करवतींचीं आंतडीं मांडिलीं गेलीं, आणि टेबलाचा एक कोपरा बाईसाहेबांनीं बटाटे किसावयास राखोन ठेविला, तो कोणास सोडिला नाहीं. उभयतांत बोलणें नव्हतें, सबब सर्व फर्मानें बाईसाहेबांचे मार्फत सुटूं लागलीं.

"त्याला सांग, पान्हा दे."

"दाजींना सांग, पान्हा त्यांच्याच मांडीखाली आहे."

ऐसें चालतां राजश्रींचे इंजिनाचें पोट पेट्रोलानें धुतलें, बेअरिंग बोटानें फिरवोन पाहिलें, तें निर्दोष निघालें. सिलिंडराखालीं घालावयाचें पॅकिंग फाटलें होतें, तें बिस्किटांचे खोक्याचे पुठ्ठ्यांतोन कातरोन तेलांत भिजविलें. मग बेलार्मिनोचा पिस्टन बसवावयाची घटका आली, आणि पुन्हा दिशेचाच प्रश्न उभा राहिला. पिस्टनाचे माथ्यावर बाण कोरिला होता. राजश्रींनीं तो कार्बुरेटराकडे धरिला.

"दाजींना सांग, बाण सायलेन्सरकडे."

बाईसाहेबांनीं किसणें थांबविलें. हा निरोप त्यांनीं पोंचविला नाहीं. त्यांचे डोळ्यांपुढें ती निखळती ओसरी आली. राजश्रींचा कान लाल जाला. मग त्यांनीं आपला जुना, खरवडलेला पिस्टन उचलिला, त्यावरील पुसट बाण उजेडांत निरखिला, तो जळल्या अंगाकडे, म्हणजे सायलेन्सराचे बाजूस, वळलेला होता तें पाहिलें, आणि बेलार्मिनोचा पिस्टन फिरवोन धरिला. बाईसाहेब पुन्हा किसूं लागल्या, बटाटा संपला होता तरी.

राहतां राहिलें पिस्टनाची पिन रोखणारें तारेचें लॉक, नखाएवढें. तें बसवितां राजश्रींचे चिमट्यांतोन सुटलें, टणकन् आवाज जाला, आणि तें नाहींसें जालें. जुन्या पिस्टनाचीं लॉकें काढितांनाच वांकोन गेलीं होतीं. हें न सांपडे तर सारी मोहीम बुडे. उभयतां वीर एकाच क्षणीं टेबलाखालीं शिरले आणि मस्तकें मस्तकांवर आदळलीं.

"डोकं आहे का धोंडा!" राजश्री ओरडले.

"तुमचं बघा आधी! माझं फुटलं!"

हें परस्पर, विनामध्यस्थ पहिलें बोलणें. तसेच चौपायी होऊन दोघे फरशी हातांनीं पुसीत, "तिकडे बघ," "बघितलं," "चुलीखाली?" "तुम्हीच घाला हात, गरम आहे," ऐसें बोलत राहिले. लॉक बटाट्याचे किसांत पडल्याचें बाईसाहेबांस दिसलें होतें. त्यांनीं तें लगेच सांगितलें नाहीं. आणखी थोडा वेळ त्या नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या, आणि मग, "हे काय आहे बघा रे," म्हणाल्या.

लॉक बसलें. रिंगा बोटांनीं आवळोन सिलिंडर चढविला, बोल्ट आंवळिले, आणि ताज्या मिश्रणाचें पेट्रोल बाईसाहेबांनीं स्वहस्तें ओतिलें. मग पावसांत, अंगणांत, राजश्रींनीं दोरी ओढिली. इंजिन निश्चल. पुन्हा ओढिली, पुन्हा, आणि खांदा निखळूं लागला. बेलार्मिनोनें प्लग काढोन पाहिला, पेट्रोलानें चिंब. तो आपले सदऱ्यास पुसोन पुन्हा बसविला, चोक खालीं केला. ओढतांच इंजिन खोकलें, निळा धूर सोडिला, आणि मग गर्जोन उठलें, तों खाडीपलीकडील कुत्रीं भुंकूं लागलीं. बाईसाहेबांनीं पदराऐवजीं जें हातीं आलें तें, म्हणजे किसणी, छातीशीं धरिली.

त्या गर्जनेंत बेलार्मिनो कांहीं बोलला. ओंठ हलले, ऐकूं आलें नाहीं. आणि राजश्रींनीं इंजिन बंद केलें.

"अहो! बंद का केलंत?" बाईसाहेब दारांतोन ओरडल्या.

"हा काहीतरी म्हणाला." राजश्री बेलार्मिनोकडे वळले. "काय म्हणालास?"

बेलार्मिनो गडबडला. "काही नाही. म्हटलं, आवाज छान आहे."

"हां," राजश्री म्हणाले. "छान आहे."

कित्येक हिवाळे या पुरुषानें बेलार्मिनोचा एक शब्द ऐकोन घेतला नव्हता. आणि आज जिवापाड कष्टानें पेटविलेलें इंजिन त्याचे एका वाक्यासाठीं विझविलें, हें बाईसाहेबांनीं आपले डोळां पाहिलें. त्यानंतर तें पुन्हा चालू होईना. उभयतां आळीपाळीनें दोरी ओढीत आणि आळीपाळीनें एकमेकांस शिव्या देत पावसांत उभे राहिले. बाईसाहेबांनीं दार लोटिलें नाहीं. उघडेंच ठेविलें, आणि मिल्काओ भाकऱ्या चुलीवर घातल्या. ऐसी ही फत्ते जाली. लांकूड दुसरे दिवशीं तुटलें. परंतु फत्ते आदले दिवशींची धरावी, ऐसा बाईसाहेबांचा हुकूम असे, आणि तो येथें नमूद केला आहे.