मामाजींचा वॉल

सासऱ्यासाठी काही करायला जाऊ नये, असं माझं मत नाही. जरूर करावं. फक्त त्याआधी एकेका शब्दाचा अर्थ चार जणांना विचारून घ्यावा, एवढंच मी अनुभवाने सांगतो.

मी प्रफुल्ल. दिग्रसला पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीत कारकून आहे. कोणत्या वस्तीचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, किती वाजता उघडायचा, याचा तक्ता मी लिहितो. (माझं अक्षर असं आहे, की लोक नळ आला की वेळ ओळखतात.)

माझे सासरे भीमराज, म्हणजे आमचे मामाजी, जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचे दिवस फिरले तसे जिनिंगचे पट्टे थांबले, आणि त्याच हिवाळ्यात सासूबाई, म्हणजे नलूबाई, गेल्या. साधनाने, माझ्या बायकोने, हट्टाने त्यांना आमच्याकडे आणलं. येताना त्यांनी एक पिशवी आणि एक इलेक्ट्रिक गिटार आणली. तरुणपणी त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नात, गावोगावी भीमगीतं म्हणायचे, आणि त्यात मामाजींची गिटार ऐकायला लोक बैलगाड्या सोडून बसायचे. आमच्याकडे आल्यावर ती गिटार भिंतीला टांगली गेली ती टांगलीच राहिली.

जावयाच्या घरी राहायचं म्हणून मामाजी अगदी बेताने राहत. चहात साखर नसली तरी बोलत नसत. मला 'नाही' हा शब्द तर त्यांनी कधीच ऐकवला नाही. वर्षभरात ते इतके कमी बोलले, की आमच्या शेजाऱ्यांना त्यांचा आवाज ओळखता आला नसता.

एका सकाळी कणीक मळता मळता साधना म्हणाली, "आई गेली त्या दिवसापासून बाबानं गिटारले हात नाई लावला. मले लय भेव वाटते. मानूस असा आतल्या आत बसला ना, तं जास्त दिवस नाई राह्यत. तुमी काही तरी करा."

साधना भित्री नाही. तिच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला आणि मी त्याच क्षणी ठरवलं, की मामाजींना वाजवायला लावायचं.

मी ओसरीत गेलो. "मामाजी, वाजवा ना काही तरी."

मामाजींनी गिटारीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ विचार करून म्हणाले, "वाजवलं असतं, जावईबापू. पन इच्या जोडीले मशीन कुठं हाये? आताच्या डब्यावर ते पत्र्यावानी वाजते. इले वॉल पाह्यजे."

"किती इंची?" मी विचारलं. (खात्याची सवय.)

मामाजी वर आढ्याकडे पाहू लागले. जावयाला हसायचं नाही हा नियम त्यांनी त्या दिवशी फार कष्टाने पाळला असावा.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या धरमसिंगने माझं अज्ञान दूर केलं. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. जुन्या मशीनमध्ये काचेचे दिवे असत, ते वॉल. "गिटार आन् मशीन म्हंजे नवरा-बायको समजा साहेब," तो म्हणाला. "गिटार बारीक बोलते. मशीननं ते समजून घेऊन मोठ्यानं सांगाव. ट्रान्झिस्टरचं मशीन बी सांगते, पन कोरडं सांगते. वॉल पह्यले गरम होते, मंग गोड बोलते." (आमच्या घरात गरम होण्यापर्यंतच गाडी येते.) "पन आता जिल्ह्यात तसं मशीन कुठं भेटनार? राह्यलंच असन तं राजूरच्या उकंडाकडं."

उकंडा हा मामाजींच्या पार्टीचा भोंगेवाला. पुढे कोळशाच्या खाणीत लागला आणि राजूरलाच राहिला. त्याच्याकडे फोन नव्हता. समोरच्या किराणा दुकानात होता. दुकान कोकिळाबाईंचं. मी बूथवरून फोन लावला. लाइनमध्ये अशी खरखर, की कोकिळाबाई तेल तळत तळत बोलताहेत असं वाटावं. मी शब्द तोडून तोडून ओरडलो,

"दिग्रसच्या भीमराजबाबांना वॉल पाहिजे! वॉल! जुना असला तरी चालेल! उकंडाचा मिळाला तर उत्तमच! लवकर सांगा!"

पलीकडून "अरे बापा रे" एवढं ऐकू आलं आणि फोन ठेवला गेला. उकंडाकडे ती वस्तू नसावी, असा मी अर्थ काढला.

आता हे सांगितलं पाहिजे, की ती वर्षं वाईट होती; कापूस बुडाला होता आणि रोज कुठे ना कुठे कोणी जीव देत होतं. आमच्या भागात कुठेही फोन वाजला की घरातली बाई आधी पदर तोंडाला लावायची, मग माणूस फोन उचलायचा. 'काय झालं' असं कोणी विचारायचं नाही. निरोप आला की लोक हातातलं काम टाकून एसटीत बसायचे. उशीर झाल्याची बोच ज्यांना एकदा लागली, ते पुन्हा विचारपूस करत थांबत नाहीत. हे मला ठाऊक होतं. फोनवर ओरडताना तेवढं आठवलं नाही.

रविवारी सकाळी मामाजी ओट्यावर आरसा ठेवून दाढी करत होते. पहिल्या गाडीने वणीकडचे तिघे आले. मामाजींना पाहून ते दारातच थबकले. "हिंडते-फिरते अजून," त्यातला एक हळूच म्हणाला. दुसऱ्याने डोळे पुसले आणि सफरचंदांची पिशवी साधनाच्या हातात दिली. मग पुसदच्या गाडीने पाच आले. पार्टीचा ढोलकीवाला संघदीप आला. जो तो मामाजींचा हात हातात घेई, हृदयाच्या बाजूला बघे आणि काही न बोलता सतरंजीवर बसे. आजाऱ्यासमोर आजाराचं नाव काढू नये, हे सगळ्यांना माहीत होतं.

मामाजींनी मला आत बोलावलं. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"जावईबापू, कोन गेलं?"

"कोणी नाही, मामाजी."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मंग तुमाले काही झालं काय? लपवू नका. मी हाओ."

आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वर्षभरात त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला होता. मला एवढं भरून आलं, की खरंच काही तरी झालं असावं अशी मला शंका आली.

तेवढ्यात सत्यभामामावशी आल्या. नलूबाईंच्या मोठ्या बहीण. झरी जामणीच्या जंगलातल्या गावाहून दोन गाड्या बदलून आलेल्या, पंचाहत्तरी उलटलेल्या. त्या बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"डाक्टर कुठं हाये?"

"कशाला, मावशी?"

"जुना वॉल चालते म्हने. माहा काढा म्हनाव. मी आता कुठं पयाले जातो? नलूच्या वक्ताले मी पोचलो नाई. याच्या वक्ताले आलो."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला होता आणि तो पडू नये असं मला फार वाटत होतं.

प्रकाश पूर्ण पडला तो उकंडाच्या बायकोमुळे. ती दारातूनच ओरडत आली, "कोन हाये तो, माह्या मानसाचा वॉल मांगनारा? त्यायचा काढला तं त्यायनं काय करावं?" तिच्यामागे उकंडा होता, डोक्यावर पोत्यात बांधलेली जड पेटी घेऊन. "कवाचा सांगून राह्यलो इले," तो धापा टाकत म्हणाला, "भीमराजले मशीनचा वॉल पाह्यजे. आयकतच नाई."

कोकिळाबाईंनी हृदयाचा वॉल समजून गावोगाव निरोप धाडला होता. मग मला सगळं सांगावं लागलं. सांगताना मी भिंतीकडे पाहत होतो. सांगून झाल्यावर कोणी हसेल असं वाटलं. कोणी हसलं नाही. सत्यभामामावशी हळूच खाली बसल्या आणि रडू लागल्या. जीव वाचल्याचं ते रडणं होतं. मग संघदीपने डोळे पुसले, मग त्या तिघांनी.

मामाजी गालावरचा वाळलेला साबण घेऊन उभे होते. एकेकाचं तोंड पाहत होते. "इतके जन," ते म्हणाले. "माह्यासाठी?" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने गिटार भिंतीवरून काढली.

बारापर्यंत लाइट राहणार होती. उकंडाने पेटी लावून गिटारीच्या वायरची पिन तिच्यात खोचली, मामाजी तारा पिळू लागले. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "वॉल आधी गरम होऊ द्या," मी म्हणालो. पंधरा माणसं दोन मिनिटं गंभीरपणे त्या पेटीकडे पाहत बसली.

मग मामाजींनी वाजवलं. नलूबाई भाकरी थापताना गुणगुणायच्या ते गाणं. संघदीप गुडघ्यावर ठेका धरून बसला. साधना पिठाचे हात तसेच धरून दारात उभी होती आणि तिचे गाल भिजत होते. मीही रडलो, लपवत नाही.

गाणं संपल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण एवढे श्रोते मला कचेरीत कधी मिळत नाहीत. मी पुढे जाऊन पेटीशेजारी उभा राहिलो. "हा गोडवा ऐकलात? हा वॉलचा गोडवा. ट्रान्झिस्टर असतं तर हा आवाज पत्र्यासारखा आला असता. गिटार आणि मशीन म्हणजे नवरा-बायको..." मी बोलत होतो, मामाजी मान खाली घालून ऐकत होते. मी हातवारे करत दोन पावलं इकडे-तिकडे केली. मामाजींनी पुढचं गाणं सुरू केलं आणि आवाजच येईना.

"वॉल गेला!" मी जाहीर केलं.

सत्यभामामावशींनी किंचाळून मामाजींचा दंड धरला.

उकंडा हळूच खाकरला. त्याने पेटीचं मागचं झाकण काढलं आणि मला आत पाहायला सांगितलं. आत काचेचा एकही दिवा नव्हता. "वॉल कवाचेच काढले, साहेब," तो ओशाळून म्हणाला. "भेटतच नवते. ट्रान्झिस्टर टाकले."

सगळे जण माझ्याकडे पाहू लागले. मी मामाजींकडे वळलो. "तुमच्या लक्षात नाही आलं?"

"पह्यल्या तारेलेच आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"खरं सांगू? मले वाजवायचंच नवतं. जावयाले नाई कसं म्हनाव? म्हून भेटनार नाई अशी वस्तू सांगतली." ते पहिल्यांदा हसले. "आता मन करून राह्यलं वाजवाचं."

"पण मशीनच बंद पडलं ना, मामाजी."

"मशीन चांगलं हाये," मामाजी म्हणाले. "फक्त तुमी पाय उचला, जावईबापू. पिन निघून तुमच्या पायाखाली आलीये."