समुद्रापलीकडचं माळवद

हात मी शाळेसाठी वर केला नव्हता. वीरण्णानं केला म्हणून केला.

वीरण्णा माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. उदगिरात आम्हा दोघांची भुसाराची दुकानं समोरासमोर. त्यानं नवा पटका बांधला की मी बांधायचा, त्याच्या दारात बैल आला की माझ्या दारात आलाच पाहिजे, असं आमचं अठरा वर्षं चाललेलं. असं वागू नये हे मला कळतं. (तेव्हाही कळत होतं. पण वीरण्णाला कळत नव्हतं, मग मी एकट्यानं कळून काय करू?)

निजामाचं राज्य होतं. सभेला इजाजत लागायची, पुराणाला लागत नव्हती. म्हणून बापूसाहेब मास्तरांनी मठात पुराण लावलं आणि मध्येच सांगून टाकलं, की कोकणात समुद्रकाठच्या एका खेड्यात त्यांचा चुलतभाऊ मास्तर आहे, होळीची ठिणगी उडून त्याची शाळा जळाली, गाव गरीब आहे, तर आपण बारा जणांनी जाऊन ती बांधून द्यावी. मजुरी नाही. भाकरी आपली. पाळतीवर बसलेला पोलीस जवान हेही पुराणातलंच समजून डोळे पुसत होता.

वीरण्णाचा हात वर गेला. माझा त्याच्याही वर गेला. तिथं थांबलो असतो तर निभावलं असतं. पण वीरण्णा म्हणाला, "भिंती माझ्याकडं." मग मला भिंतीच्या वरचं काहीतरी घेणं भाग होतं.

"छत माझ्याकडं," मी म्हणालो. "आमच्या घरचं माळवद म्याच घातलंय."

(माळवद म्हणजे आमच्याकडचं सपाट मातीचं छत. तुळया, त्यावर काटक्या, त्यावर पाला, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी माती. वर मिरच्या वाळवा, पापड वाळवा, खाट टाका.)

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली.

"माळवद तुमी घातलंय?" शरणम्मानं विचारलं.

"घातलं म्हंजे... घालताना हुतो की."

"हुता. जोत्यावर बसून पानी मागत हुता. चिखल म्या आन् गंगम्मानं तुडवला." गंगम्मा म्हणजे वीरण्णाची बायको. "म्या बी येते. गंगम्माला बी घेते. बारा मान्सांच्या भाकरी कोन थापनार? आन् तुमी घातलेल्या छताखाली कोन उभं ऱ्हातंय, ते बघायचंय मला."

मी दुसरी शिकलेला माणूस, तीही उर्दूतून. पण डोकं चालतं. माळवदाचा सगळा जीव पांढऱ्या मातीत. ती जुन्या गावठाणाच्या टेकाडावरच मिळते. कोकणात ती कुठून येणार? म्हणून मी हुकूम सोडला, की प्रत्येकानं अंथरुणाऐवजी एकेक पोतं पांढरी माती उचलायची. बारा माणसं, बारा पोती. त्या दिवसापासून माझ्याशी कोणी नीट बोलेना. लोकांना शिस्त नको असते.

सरहद्दीच्या नाक्यावर जकातवाल्यानं पोती उघडली.

"ह्यात काय आहे?"

"माती."

"मातीखाली काय आहे?"

"माती."

"कशाला नेता?"

"घरावर टाकाया."

"कोणाच्या?"

"म्हाईत न्हाई. अजून बघितलं न्हाई."

त्यानं बाराही पोती काठीनं ढवळली, चिमूटभर माती चाखली, दराच्या चोपडीत मातीचा दर शोधला. चोपडीत हस्तिदंत होतं, अत्तर होतं, माती नव्हती. शेवटी त्यानं कपाळाला हात लावून आम्हाला सोडलं. त्याची समजूत अशी झाली की आम्ही कुणाला तरी पुरायला निघालोय. "पुरायचंय कुणाला?" त्यानं विचारलं. वीरण्णा माझ्याकडं बघून म्हणाला, "अजून ठरलं न्हाई, साहेब."

छोटी गाडी, मोठी गाडी, मुंबई, मग बोट. बोटीच्या कारकुनानं बजावलं, की मे अखेर शेवटची बोट. पुढं चार महिने समुद्र खवळतो, बोटी बंद. राहिलात तर राहिलात.

गाव चांगलं होतं. नारळाची झाडं, लाल दगड, आणि माणसं मऊ. वीरण्णानं त्या लाल दगडाच्या भिंती पंधरा दिवसांत उभ्या केल्या. (बऱ्या होत्या. एक कोपरा बाहेर गेला होता. मी ते रोज सांगत होतो.) गावातली माणसं संध्याकाळी रांगेनं येऊन बसायची, सुपारी कातरायची, आणि बघायची. त्यात देवळाचा गुरव मोठा, सत्तरीचा. मी त्यांना चार शब्द सांगायचो. सुकी मासळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला वाळवा, आमी लिंगायत मान्सं, वास सहन होत न्हाई. भात काय खाता, ज्वारी खावा. नांगर असा धरत न्हाईत. उदगिरात विहीर अशी बांधत न्हाईत. गुरव मान डोलवायचा, "हो का? बरं बरं." समजूतदार माणूस. मी मग आणखी सांगायचो.

माळवद झालं. शरणम्मा आणि गंगम्मानं चिखल तुडवला, मी जोत्यावरून देखरेख केली. वरून बारा पोती पांढरी माती अंथरून चोपली. मग सगळ्या गावासमोर मी दोन घागरी पाणी छतावर ओतायला लावलं. खाली थेंब नाही! वीरण्णाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तिथंच माझी जीभ सैल सुटली.

"ऐका रं समदे! ह्या छतातून पावसाचा एक थेंब जरी गळंल अशी कोनाला शंका आसंल, तर म्या मलप्पा चार म्हैने हितंच ऱ्हाईन. सोता ऱ्हाऊन दुरुस्त करीन. गळ्यातल्या लिंगाची आन!"

लिंगाची आण घेतली की आमच्यात विषय संपतो. ती मोडून घरी गेलो असतो तर मठात पंक्तीला पान वाढलं नसतं कुणी. गुरवाच्या हातातला अडकित्ता थांबला.

"पाहुणे," तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे पाऊस कितीसा पडतो?"

"चिक्कार! एका साली तर सकाळी लागला, ते पार जेवनापस्तोर."

"आणि मग?"

"मग काय? थांबला."

गुरव जरा खाकरला. "आमच्याकडे मिरगाला लागतो."

"आन् जेवनापस्तोर थांबत न्हाई?"

"थांबतो. गणपतीच्या जेवणापर्यंत."

मी बोटं मोजली. मिरग, आर्द्रा, पुनर्वसू... मोजता मोजता एक हात संपला. मातीचं छत अडीच महिने पाण्यात! गळायचं कसलं, ते लापशी होऊन पोरांच्या पाट्यांवर उतरणार होतं. शेवटची बोट तीन दिवसांवर. आणि घरी पेरणी, दुकान, वर उन्हाळी माल यायचा, तो सगळा वीरण्णाच्या दुकानात जाणार.

"दाजी ऱ्हातील की," वीरण्णा आनंदानं म्हणाला. "आन घेतलीया. दुकानाची काळजी करू नका, गिऱ्हाईक म्या सांभाळतो."

त्या दिवशी मी जेवलो नाही. शरणम्मा भाकरी पुढं सरकवत म्हणाली, "खावा. चार म्हैने मासळीचा वास घ्यायचाय."

"तू बी ऱ्हाशील न्हवं?"

"आन तुमी घेतलीया."

एवढं बोलून ती उठली आणि गुरवाच्या घरी गेली, त्याच्या बायकोशी बोलायला. काय बोलली देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळा गाव शाळेवर लोटलेला! बाया, बापे, म्हातारे. कुणाच्या खांद्यावर बांबू, कुणाच्या डोक्यावर नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप. शंभर-दीडशे झाप असतील.

"एवढं कवा विणलं?" मी विचारलं.

"तुम्ही पहिला वासा सपाट टाकलात ना," गुरव म्हणाला, "त्या संध्याकाळी विणायला घेतले. म्हटलं, पाहुणे गेले की घालू. पाहुण्याचं मन कशाला मोडा?"

"मग आजच का घालताय?"

 गुरव त्या वयात बांबू घेऊन शिडी चढला.

एका दिवसात माझ्या माळवदावर उतरतं छप्पर उभं राहिलं. एवढी धावपळ मी कुठल्या लग्नातही पाहिली नाही. बाया दोऱ्या वळत होत्या, माणसं ओरडत होती, "आटपा, आटपा! परवा बोट!" दिवस मावळायच्या आत शेवटचा झाप बसला. गुरव खाली उतरला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "आता थेंब गळणार नाही. शंका कोणालाच नाही. तुमची आण पुरी झाली. तुम्ही मोकळे." त्याचे डोळे भरलेले. माझेही भरले.

बोटीवर चढताना सगळा गाव धक्क्यावर आला होता. बोट दिसेनाशी होईपर्यंत लोक उभे होते. आम्ही खरंच गेलो की नाही हे बघावं तसे, इतके खिळून.

मी कठड्याला टेकून शरणम्माला म्हणालो, "बघितलंस? असली माया उदगिरात मिळायची न्हाई. पोरांची शाळा गळू नये म्हनून सत्तर वर्साचं म्हातारं शिडी चढलं."

"शाळंसाठी न्हाई चढलं," ती म्हणाली.

"मग?"

"गुरवीण म्हनली, शाळा गळली तर गळू द्या, पावसात पोरं तशी बी भातलावणीला जात्यात. पन हे जर ऱ्हायले, तर चार म्हैने ह्यांचं ऐकायचं कोनी?"

मागं वीरण्णा उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

मुंबई येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. कुणी विचारलं तर बोट लागली म्हणून खुणेनं सांगितलं. तेव्हा आमचे बाकीचे अकराच्या अकरा जण म्हणायला लागले, की लई झकास बोट हाय, परतीचं तिकीट उदगीरपस्तोर हिचंच काढायला पायजे होतं.