मध्यंतराचे गोल गुणिले दोन

रविवारी दुपारी बारा वाजता तोतारामने एकता फुटबॉल क्लबचा पराभव लिहून काढला आणि मग हात धुऊन जेवायला बसला. सामना चार वाजता होता.

“झालं का हरून?” पुष्पाबाईने भाकरी वाढता वाढता विचारलं.

“झालं. आकडा तेवढा राहिलाय.”

तोताराम चाळीसगावच्या पाटबंधारे कचेरीत कारकून होता आणि एकता क्लबचा सगळ्यात जुना चाहता. गावात फुटबॉल कुणाला कळत नसे, त्यामुळे जुना म्हणजे जवळजवळ एकटाच. जळगावच्या एका दैनिकात दर सोमवारी त्याचं ‘मैदानावरून’ हे सदर यायचं. त्यात आदल्या दिवशीच्या सामन्याची हकिगत आणि त्यावर थोडं चिंतन असायचं. अडचण एवढीच होती की बातमीचं पाकीट पावणेपाचच्या एसटीने कंडक्टरच्या हाती जळगावला जायचं, आणि सामना सव्वापाचला संपायचा. त्यानंतरची गाडी पोचेपर्यंत पान लागून जात असे.

यावर तोतारामने एक सरकारी तोडगा काढला होता. चिंतन घरून लिहून न्यायचं, गोलांची जागा कोरी सोडायची, आणि मध्यंतराला जेवढे गोल झाले असतील त्यांना दोनने गुणून ती भरायची. मग सायकलवर टांग मारून स्टँड गाठायचं. एकता क्लब सलग सतरा सामने हरला होता आणि सतरापैकी बारा वेळा आकडा तंतोतंत जुळला होता. उरलेल्या पाच वेळा आपल्या नावावर एखाददोन गोल जास्त चढल्याची तक्रार गोलकीपर धनसिंगने केली होती. छापखान्याच्या चुका आहेत, असं सांगून तोतारामने त्याची समजूत घातली.

तो मध्येच मैदानावरून नाहीसा होतो हे खेळाडूंना दिसायचं. पण नानांना (तोतारामला ते नाना म्हणत) आपली हार बघवत नाही, असा त्यांचा समज होता. त्याबद्दल त्यांना नानांविषयी फार आदर वाटे.

आणि चिंतन तरी काय साधं असायचं? ‘पराभव ही खेळाडूच्या मनाची नांगरट आहे’ हे त्याचं वाक्य एका निवृत्त हेडमास्तरांनी कापून भिंतीला लावलं होतं. ‘अखेरच्या मिनिटाला चिखलाने माखलेला अय्युब उठला, पडला, पुन्हा उठला’ हे वाचून अय्युबच्या आईच्या, अमिनाबीच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्या दिवशी मैदानावर चिखल नव्हता, पण वाचताना तो दिसायचा. हार तोतारामच्या हातात अशी काही खुलायची की लोकांना वाटे, हा क्लब जिंकला तर नुकसानच व्हायचं.

त्या रविवारचा सामना साधा नव्हता. खानदेश ढालीचा उपांत्य सामना होता, समोर साक्रीचा संघ. दोन संघ आले नाहीत आणि एकाची जीप बंद पडली म्हणून एकता तिथवर पोचला होता. जिंकणाऱ्याने पुढच्या रविवारी धुळ्याला जाऊन अंतिम सामना खेळायचा होता. मध्यंतराला साक्री दोन-शून्यने पुढे होती. तोतारामने कोऱ्या जागेत चार लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि निघाला.

तो परत आला तेव्हा सायकल दुरुस्त करणाऱ्या अय्युबला, म्हणजे एकताच्या कप्तानाला, चौघांनी खांद्यावर उचलून आणलं होतं. तोतारामला वाटलं, पोराचा पाय मोडला.

“दवाखान्यात न्या, इकडे कुठे आणताय?” तो म्हणाला.

“कसाना दवाखाना, नाना?” धनसिंग म्हणाला. हा बाजार समितीत हमाली करायचा आणि गोलात उभा राहिला की निम्मा गोल झाकला जायचा. “जिकनूत आपुन. तीन-दोन. तुमीन गयात आनी खाजानी तीन टाकात.”

तोताराम तिथेच सायकलच्या कॅरिअरवर बसला. सतरा पराभवांनंतर त्याचा क्लब जिंकला होता. त्याला आनंद झाला, आणि त्याच वेळी पावणेपाचची एसटी पाचोऱ्याच्या वाटेला लागल्याचंही आठवलं.

त्याने एका अडत्याच्या दुकानातून जळगावला ट्रंक कॉल लावला. तो साडेसातला लागला. पलीकडे उपसंपादक होते.

“चाळीसगावच्या सामन्याचा निकाल चुकलाय. एकता जिंकला, तीन-दोन,” तोताराम म्हणाला.

“आपण कोण?”

मी तोताराम म्हणावं, तर मग पाकीट कुणी आणि कधी लिहिलं, हा प्रश्न येणार.

“मी... प्रेक्षक.”

“असं बघा प्रेक्षक, तोतारामभाऊंचं पाकीट आलंय. शेवटच्या मिनिटापर्यंतचं वर्णन आहे. सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय.”

“अहो, पण त्यांची चूक झाली असेल.”

“त्यांची? हरलेल्या गावातून दर सोमवारी आम्हाला असे फोन येतात. तोतारामभाऊंसारखा माणूस स्वतःच्या क्लबची हार खोटी लिहील का?”

तोतारामने फोन ठेवला आणि अडत्याला सांगितलं, लागला नाही.

सोमवारी ‘एकताचा झुंजार पराभव, साक्री चार-शून्यने विजयी’ असं छापून आलं. प्रत्यक्ष सामना बघणारे साठ होते आणि पेपर वाचणारं सगळं गाव. दुपारपर्यंत साठातले वीसेक जण आपण नेमकं काय पाहिलं याबद्दल साशंक झाले. तीन गोल मारणारा खाजा शिवणकाम करायचा. त्याच्या दुकानात येऊन लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून जात होते. संध्याकाळी धनसिंग पेपर घेऊन तोतारामकडे आला.

“नाना, पेपरमा लिखेल शे मी चार सोडात. मी तं दोनच सोडात ना?”

“दोनच. छापखान्याची चूक आहे.”

“आनी आपुन हारनूत, ते?”

“तेही छापखान्याचंच.”

आपण खुलासा पाठवावा, असं तोतारामला रोज वाटे. पण खुलाशाचं पहिलं वाक्य लिहायला बसलं की हेडमास्तरांची भिंत डोळ्यापुढे यायची. शिवाय पेपरचं आयुष्य असतं किती? बुधवारी त्याच अंकात बांधून भजी आली, तेव्हा त्याच्या जिवाला जरा स्वस्थता वाटली.

रविवारी सकाळी एकताची मंडळी पॅसेंजरने धुळ्याला उतरली. पांझरा नदीकाठच्या मैदानावर मांडव होता, मांडवात पोहे होते आणि पोहे साक्रीचा संघ खात होता.

स्पर्धेचे चिटणीस भाईदास आबा होते. पस्तीस वर्षं कोर्टात नोकरी करून ते निवृत्त झाले होते, आणि लेखी नसेल ते घडलेलंच नाही असं मानायची सवय त्यांना तिथे लागली होती. पंचांचा अहवाल पोस्टात टाकला होता, तो अजून यायचा होता. तेव्हा आबांनी पेपरचं कात्रण फाइलला लावलं आणि साक्रीला तार केली. सामना दोनला सुरू होणार होता. धुळ्याचा यजमान संघ अंग मोकळं करत होता.

“आबा, जिंकलो आम्ही,” अय्युब म्हणाला. “अकरा जण सांगतो.”

“अकराही हितसंबंधी आहेत.”

मग साक्रीचा कप्तान पुना पोह्यांची बशी खाली ठेवून उभा राहिला. सरळ माणूस होता. “आबा, खरं सांगू? आम्ही हारनूत व्हतूत. पन तुमनी तार उनी, मंग आमले वाटनं काही नियम व्हई. जीप करीसन उनूत.”

“हे तोंडी झालं,” आबा म्हणाले. “माझ्यापुढे लेखी एकच कागद आहे. त्यात अमुक मिनिटाला कोण पडला, कोण उठला, सगळं आहे. याच्या विरुद्ध लेखी काय आहे ते दाखवा. नाहीतर साक्री खेळेल.”

सगळ्यांनी तोतारामकडे पाहिलं. लिहिणारा इथेच तर होता. खाजाचा चेहरा पार उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा तीन गोल मारलेला माणूस, आणि त्याला घरी परत जावं लागणार होतं. तोतारामला त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी सतरा पराभवांत मिळून वाटली नव्हती.

“ते मी लिहिलंय,” तो म्हणाला, “पण सामन्याच्या आधी. जेवणापूर्वी. मध्यंतराचे गोल दुप्पट केले आणि एसटीला पाकीट दिलं. दरवेळी तसंच करतो.”

आबा हसले. “तोतारामभाऊ, क्लबसाठी स्वतःवर आळ घेताय, हे तुम्हाला शोभतं. पण सदर मी नेहमी वाचतो. न बघता असं लिहिणं माणसाला शक्य नाही. लेखी काही आहे?”

तोतारामने शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून आबांच्या हातात दिला. आबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

“‘धुळे, रविवार. खानदेश ढालीच्या अंतिम सामन्यात आज एकताला यजमानांकडून शून्य विरुद्ध...’ इथे जागा सोडलीय. ‘...गोलांनी हार पत्करावी लागली. सूर्य मावळतीला झुकला तरी खाजाचे पाय थांबले नव्हते.’” आबांनी घड्याळ पाहिलं. “साडेअकरा वाजलेत.”

“हो.”

“पुरावा ग्राह्य आहे,” आबा म्हणाले आणि त्यांनी तो फाइलला लावला. साक्रीचा संघ उरलेले पोहे संपवायला बसला.

अय्युब मात्र जागचा हलला नव्हता. मनाला लागलं की तो घरच्या बोलीत बोलायचा.

“नाना, आजकी बी लिख डाली?”

“सवय रे.”

“कितने गोलसे?”

“जागा कोरी आहे.”

“हारे है, इतना पक्का था?”

तोतारामने एवढंच म्हटलं, की आज शेवटची शिट्टी होईपर्यंत मी इथून हलणार नाही. अय्युबने मान हलवली आणि तो बूट बांधायला गेला.

तोताराम खरोखर हलला नाही. आपल्या क्लबचा दुसरा हाफ तो पहिल्यांदाच पाहत होता, आणि त्यात काय काय होतं हे बघून चकित झाला. पन्नासाव्या मिनिटाला चेंडू पांझरेत गेला आणि दुसरा चेंडू नसल्यामुळे दोन्ही संघ काठावर उभे राहून तो परत येण्याची वाट बघू लागले. वाहता चेंडू शेवटी धुणं धुणाऱ्या एका बाईने अडवला आणि आधी कपडे पिळून मग दिला. यजमानांचे दोन गोल झालेले होते. तेवढ्यात धनसिंगने आपल्या गोलातून चेंडूला जी लाथ हाणली, ती हमालाची लाथ. वाऱ्यावर चढून चेंडू समोरच्या गोलकीपरपुढे टप्पा खाऊन त्याच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. धनसिंगला बराच वेळ कळलं नाही की नाचायचं का पळायचं. तोताराम मैदानात धावत सुटला होता आणि पंचांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. एकता दोन-एकने हरला. शिट्टीनंतर सगळी मंडळी धनसिंगभोवती गोल धरून नाचली. सूर्य अजून चांगला वर होता, आणि खाजाचे पाय तर केव्हाच थांबले होते.

त्या रात्री परतीच्या पॅसेंजरमध्ये बसून तोतारामने सगळं जसंच्या तसं लिहिलं. सोमवारी नेऊन टाकलं, मंगळवारी छापून आलं. एकाही वाक्यात त्याने पदरचं काही घातलं नव्हतं. आपण आयुष्यात काहीतरी स्वच्छ काम केलं, असं त्याला वाटत होतं. त्याने पुष्पाबाईला ते दोनदा वाचून दाखवलं.

शनिवारी उपसंपादकांचं पत्र आलं.

‘आपल्या ताज्या मजकुराबद्दल वाचकांच्या नाराजीची नऊ पत्रे आली आहेत. गोलरक्षकाने स्वतःच्या गोलातून गोल करणे, चेंडू नदीत वाहून जाणे, धुणाऱ्या बाईने तो अडवणे आणि हरलेल्या संघाने नाचणे या गोष्टी कोणासही पटलेल्या नाहीत. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर आपले जुने कात्रण भिंतीवरून काढल्याचे कळवले आहे. कृपया यापुढे पूर्वीप्रमाणे सामना प्रत्यक्ष पाहूनच वृत्त पाठवावे.’